छोटा टॅब घ्यायचाय? आधी झेरॉक्सच्या दुकानात जा!

आपल्या हॉस्टेलवर एक प्रश्न वर्षातून दोनदा हमखास येतो. एकदा कॉलेज सुरू झाल्या झाल्या आणि दुसऱ्यांदा दिवाळीची सुट्टी संपवून सगळ्याजणी परतल्या की. "टॅब घेऊ काय गं? छोटा. आठ-नऊ इंचाचा." मग त्या खोलीत कॉटवर, खुर्चीवर, दारात अशी परिषद भरते. एक रॅम विचारते, दुसरी कॅमेरा विचारते (टॅबने फोटो काढणारी माणसं मी फक्त गॅदरिंगला, पालकांच्या रांगेत पाहिली आहेत), तिसरी "बजेट किती?" म्हणते आणि चौथी लगेच मोबाइलवर ऑफर शोधायला लागते. अर्ध्या तासात तीन मॉडेलं ठरतात. पण "तू त्याच्यावर वाचणार काय?" हे मात्र कुणीच विचारत नाही!

यंदा ही परिषद आमच्याच खोलीत भरली. माझी रूममेट मेकॅनिकलची, गाव पन्हाळा तालुक्यात, घरी म्हशी. गोकुळचं दर दहा दिवसांचं दूधबिल घरखर्चालाच जातं. पण दिवाळीला जो दूधफरक मिळतो त्यातले बारा हजार रुपये तिच्या आईने हिच्या खात्यावर टाकले, अभ्यासाचं काय लागतं ते घे म्हणून. "मी घेतोय बघ टॅब," ती म्हणाली. (बाहेरगावच्या वाचकांनी दचकू नये, कोल्हापुरात मुली 'घेतोय' असंच म्हणतात. मी कॉन्व्हेंटमधून आलेली, मला सवय व्हायला एक सेमिस्टर लागलं.) आता ज्या पैशामागे वर्षभर पहाटे उठून काढलेल्या धारा आहेत, तो पैसा ऑफर बघून खर्च करायचा म्हणजे जरा जड जातं. म्हणून आम्ही दोघी पट्टी आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. पुढचं सगळं त्या हिशेबातून आलेलं आहे.

पहिली गोष्ट. छोटा टॅब म्हणजे स्वस्तातला लॅपटॉप नव्हे. सॉलिडवर्क्स किंवा मॅटलॅब पूर्णपणे त्याच्यावर चालत नाही, ऑटोकॅडची मोबाइलवरची आवृत्ती ड्रॉइंग उघडून बघायला बरी, पण तिच्यावर शीट पूर्ण करायची म्हणजे सुईने विहीर खणायची. तो मोठा मोबाइलही नव्हे, कारण मोबाइल आपल्याकडे आधीच आहे आणि टॅब घेतल्यावर तो कुणी टाकून देणार नाही. हॉस्टेलच्या विद्यार्थ्याच्या हातात टॅब येतो तो कागद म्हणून. नोट्स, सोडवलेले पेपर, पुस्तकांच्या पीडीएफ, हे सगळं वाचायचा कागद. आणि कागद घेताना आपण त्याची रॅम विचारत नाही, आकार विचारतो.

इथे दुकानदाराच्या 'इंचा'ने घोळ होतो. स्क्रीनचे इंच हा तिचा कर्ण असतो, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. शाळेतला पायथागोरस परीक्षेनंतर पहिल्यांदाच कामाला आला तो इथे! आपला रोजचा ए-४ कागद २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ मिलिमीटर उंच. त्याचा कर्ण काढा: ३६४ मिलिमीटर, म्हणजे १४.३ इंच. म्हणजे चौदा इंची कागदासाठी टाइप केलेला मजकूर आपण आठ-नऊ इंची पाटीवर बसवू बघतोय. त्यातही नुसता कर्ण फसवतो, कारण त्याच कर्णाची स्क्रीन जितकी उंच आणि निमुळती, तितकं तिचं क्षेत्रफळ कमी. २०१० साली सॅमसंगचा ७ इंची गॅलॅक्सी टॅब आला तेव्हा ॲपलच्या स्टीव्ह जॉब्सनी नेमका हाच मुद्दा काढून त्याची टिंगल केली होती. त्यांचा आयपॅड ९.७ इंची. सात आणि ९.७ ऐकायला फार लांब वाटत नाहीत, पण क्षेत्रफळ काढलं तर सात इंची स्क्रीन आयपॅडच्या निम्म्याहूनही कमी भरते. (पुढे दोनच वर्षांनी, २०१२ मध्ये ॲपलने स्वतःच ७.९ इंची आयपॅड मिनी बाजारात आणला, तो भाग वेगळा. तेव्हा जॉब्स हयात नव्हते.)

मग बघायचं काय? टॅब उभा धरल्यावर स्क्रीनची रुंदी. ए-४ पान उभ्या स्क्रीनवर पूर्ण दाखवलं की ते रुंदीला अडतं, उंचीला नाही. म्हणून रुंदीच्या प्रमाणात अक्षर लहान होतं. आम्ही काढलेले आकडे असे. सध्याचा ६.७ इंची मोबाइल रुंदीला ७० मिलिमीटर भरतो, म्हणजे ए-४ च्या ३३ टक्के. कागदावरचं १२ पॉइंटचं अक्षर त्याच्यावर ४ पॉइंटचं होतं. ४ पॉइंट म्हणजे औषधाच्या पाकिटावरची बारीक अक्षरं, तीसुद्धा नशीब चांगलं असेल तर. ८.७ इंची टॅब, उदाहरणार्थ २०२३ मध्ये आलेला गॅलॅक्सी टॅब ए९, रुंदीला सुमारे ११४ मिलिमीटर, म्हणजे ५४ टक्के. अक्षर साडेसहा पॉइंटचं. आणि ११ इंची टॅब १४८ मिलिमीटर, म्हणजे ७० टक्के. अक्षर साडेआठ पॉइंटचं. हे १४८ वाचून काही आठवतंय का? ए-५ कागदाची रुंदी बरोबर १४८ मिलिमीटर असते. म्हणजे ११ इंची टॅब म्हणजे ए-५ वही आणि ८.७ इंची टॅब म्हणजे ए-६ पेक्षा किंचित रुंद, खिशातली डायरी. दुकानात "अडीच इंचाचाच फरक आहे मॅडम" म्हणतात तो फरक हा. वही की डायरी.

मोबाइल आपण टॅबपेक्षा जवळ धरतो, त्यामुळे ४ पॉइंट इतका वाईट दिसत नाही हेही खरं. पण जवळ धरून तासभर वाचलं की डोळे काय म्हणतात ते सबमिशनच्या आदल्या रात्री सगळ्यांना कळलेलं असतं.

आता आकडे वाचून कुणाला काही दिसत नाही, मलाही दिसलं नव्हतं. साडेसहा पॉइंट म्हणजे नक्की किती? आणि इथेच लेखाच्या नावातली युक्ती येते. कॉलेजच्या गेटसमोरच्या झेरॉक्सच्या मशीनला लहान-मोठं करायची सोय असतेच. तुम्ही टॅबवर जे वाचणार आहात त्यातलं एक पान, ए-४ आकारात छापलेलं, घेऊन जा आणि सांगा, "काका, हे चोपन्न टक्क्यांवर काढा." हातात येईल ते ८.७ इंची टॅबवरचं पान, त्याच मापात. तेच पान सत्तर टक्क्यांवर काढा, हा ११ इंची टॅब. मोबाइलचं माप हवं असेल तर ५८ टक्क्यांवर काढलेली प्रत पुन्हा ५८ टक्क्यांवर काढा, तेहतीसच्या आसपास येते. खर्च पाच-सात रुपये. झेरॉक्सवाले काका सुरुवातीला संशयाने बघतील, कारण परीक्षेच्या दिवसांत इतकं बारीक काढून नेणाऱ्यांचा हेतू त्यांना चांगला माहीत असतो! कारण सांगा, हसतात आणि काढून देतात.

ती प्रत खोलीवर आणा, ट्यूबलाइटखाली कॉटवर बसून, टॅब धराल तितक्या अंतरावर धरा आणि अर्धा तास खरोखर अभ्यास करा. नुसती बघून ठेवून देऊ नका. वाचवत नसेल तर टॅबवर त्याहून वाचवणार नाही, कारण झेरॉक्सचे ठिपके स्वस्त टॅबच्या पिक्सेलपेक्षा बारीक असतात. म्हणजे ही परीक्षा टॅबच्या बाजूने झुकलेलीच आहे. तिच्यात नापास झालेलं पान टॅबवर पास व्हायचं नाही.

पिक्सेलवरून एक जुनी गोष्ट आठवते, आणि ती आपल्यासारख्यांचीच आहे. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत तेव्हाचे मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांनी 'आकाश' नावाचा टॅब जाहीर केला. डेटाविंड कंपनीने बनवलेला, सात इंची, सरकारला सव्वादोन हजारांच्या आसपास पडणारा, आणि तो द्यायचा होता देशभरच्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांना. आज ऐकताना तो विनोद वाटतो: ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, बॅटरी जेमतेम दोन-तीन तास. टीका खूप झाली. पुढे सुधारलेला आकाश-२ मुंबईच्या आयआयटीच्या देखरेखीखाली तयार झाला. तिथल्या प्रा. दीपक फाटक यांनी त्याची जबाबदारी उचलली होती आणि ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. प्रोसेसर १ गिगाहर्ट्झचा, रॅम दुप्पट. आयआयटीच्या मंडळींनी त्याच्यावर सायलॅब चालवलं, सी आणि पायथनचे प्रोग्रॅम चालवले. मनापासून केलेलं काम होतं ते. तरीही काही वर्षांत योजना विरून गेली.

तेव्हा सगळे प्रोसेसरला आणि बॅटरीला नावं ठेवत होते. पण आमचाच हिशेब आकाशला लावून बघा. दोन्ही आकाशांची स्क्रीन ८०० बाय ४८० पिक्सेलची. उभी धरली की ए-४ पानाच्या पूर्ण रुंदीला ४८० ठिपके. बारा पॉइंटच्या अक्षराच्या उंचीला त्यातले दहा येतात, आणि इंग्रजीतल्या छोट्या 'ए' किंवा 'ई'च्या वाट्याला चार-पाच. देवनागरीत तर त्याच दहा ठिपक्यांत शिरोरेघ, वरची वेलांटी, खालचा उकार आणि मध्ये एखादं जोडाक्षर! प्रोसेसर कितीही पळाला असता तरी ए-४ च्या नोट्स त्याच्यावर एका नजरेत वाचता आल्या नसत्या. पान सारखं सरकवत, मोठं करत वाचायचं, आणि तेवढ्यात तो गरम व्हायचा.

आज तो प्रश्न सुटलाय का? अर्धा. टॅब ए९ ची स्क्रीन १३४० बाय ८०० ची. उभं धरून ८०० ठिपके, म्हणजे बारा पॉइंटच्या अक्षराला सोळा. मुख्य मजकूर स्वच्छ दिसतो. पण फॉर्म्युल्यातले सबस्क्रिप्ट सात पॉइंटचे असतात, त्यांच्या वाट्याला परत नऊ-दहाच. म्हणजे आकाशवर जी गत सगळ्या पानाची होती, ती आजच्या स्वस्त टॅबवर सबस्क्रिप्टची आहे. मराठीच्या विद्यार्थ्याला त्याचं काही वाटणार नाही. पण हीट ट्रान्सफरच्या पेपरात टी-एक आणि टी-आय यांतला फरक दिसला नाही तर काय होतं ते सांगायला नको.

"मग जास्त पिक्सेलचा घेऊ" असं कुणी म्हणेल. आयपॅड मिनी आहे ना, ८.३ इंची, २२६६ बाय १४८८. २०२४ मध्ये आलेला ४९,९०० रुपयांचा. त्याच्यावर सबस्क्रिप्ट काचेसारखे दिसतात. पण त्याची रुंदी मोजा: ११६ मिलिमीटर! म्हणजे चौपट पैसे देऊन अक्षर साडेसहा पॉइंटचंच राहिलं, फक्त धारदार झालं. पिक्सेलने अक्षर स्पष्ट होतं, मोठं होत नाही. मोठं व्हायला काच मोठी लागते, दुसरा उपाय नाही.

नाही म्हणजे, एक उपाय आहे, आणि इथे छोट्या टॅबवर अन्याय होऊ नये म्हणून तो सांगितलाच पाहिजे. ए-४ पानाच्या चारी बाजूंना साधारण एक-एक इंच कोरी मार्जिन असते. टॅबवर ती कोरी जागा दाखवून उपयोग काय? पीडीएफ वाचायच्या बऱ्याच ॲपमध्ये मार्जिन कापायची सोय असते. ती कापली की मजकुराची रुंदी २१० ऐवजी १६० मिलिमीटर उरते, आणि ११४ मिलिमीटरच्या स्क्रीनवर ती ५४ ऐवजी ७१ टक्क्यांनी बसते. बारा पॉइंटचं अक्षर साडेआठ पॉइंटचं! म्हणजे फुकटात छोटा टॅब ११ इंचीच्या बरोबरीला आला. (११ इंचीवर मार्जिन कापली तर अक्षर ११ पॉइंटचं होतं, पण ते राहू दे.) दोन कॉलमचे रिसर्च पेपर असतील तर आणखी मजा. आयईईईच्या पेपरातला एक कॉलम साडेतीन इंच, म्हणजे ८९ मिलिमीटर रुंद. एक-एक कॉलम स्क्रीनभर करून वाचला तर छोट्या टॅबवर अक्षर कागदापेक्षाही मोठं दिसतं. आमच्या मजल्यावरची फायनल इयरची एक ताई प्रोजेक्टसाठी रोज असले पेपर वाचते आणि रात्री गेटची लेक्चर्स बघते. तिच्यासाठी छोटा टॅब उत्तम, आणि ती तो एका हातात धरून, दुसऱ्या हातात चहा घेऊन वाचते. ११ इंची टॅब असा धरून दाखवा!

पण मार्जिन कापायला मार्जिन असावी लागते. आपल्या नोट्स बघा. सीनियरने हाताने लिहिलेल्या, कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मोबाइलने फोटो काढून त्यांची पीडीएफ केलेली, कोपऱ्यात अंगठा आलेला, एक पान सरळ तर दुसरं तिरकं. त्यांना कोणतं ॲप कापणार? माझ्या रूममेटच्या अभ्यासात ऐंशी टक्के असल्या पीडीएफ निघाल्या. उरलेलं मशीन डिझाइन. त्याचं पीएसजीचं डेटा बुक बारीक आकड्यांच्या तक्त्यांनी भरलेलं आहे आणि परीक्षेला ते छापीलच न्यावं लागतं. तिने डेटा बुकचं एक पान आणि नोट्सचं एक पान चोपन्न टक्क्यांवर काढून आणलं. वीस मिनिटांत तिने ते माझ्याकडे टाकलं, "काय दिसत न्हाई त्यात," म्हणाली. सत्तर टक्क्यांचं मात्र वाचलं. पण ११ इंची चांगला टॅब तिच्या बारा हजारांत बसत नव्हता, आणि बसवायचाच म्हणून एखादा अनोळखी कंपनीचा घ्यायला ती तयार नव्हती.

मग आम्ही उलटा हिशेब केला: टॅब न घेता सगळं झेरॉक्स काढलं तर? एका सेमिस्टरला पाच विषय, प्रत्येकाची दोनशे पानं, दोन रुपयांनी पान धरलं तर दोन हजार रुपये. बारा हजारांत सहा सेमिस्टर. म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला घेतलेला टॅब शेवटच्या परीक्षेपर्यंत टिकला, तर पैसे जेमतेम फिटतात. आणि झेरॉक्सवर पेन्सिलने लिहिता येतं, ती खाली पडली तर फुटत नाही, पुढच्या वर्षी ज्युनियरला देता येते. लायब्ररीच्या बुक बँकेतून पुस्तकं मिळाली तर झेरॉक्स आणखी कमी. तिने टॅब घेतला नाही. ते पैसे लॅपटॉपच्या नावाने बाजूला ठेवले आहेत, शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला लागेल म्हणून.

आता पेनाबद्दल, कारण इथे सर्वांत जास्त फसगत होते. "टॅबवर लिहिता येईल, वह्या नकोत" हे स्वप्न दाखवून टॅब खपतात. दुकानात "पेन वेगळा घ्या, दीडशे रुपयांत मिळतो" म्हणतात. मिळतोही. पण तो पेन म्हणजे काय ते समजून घ्या. आजची टच स्क्रीन कपॅसिटिव्ह असते. काचेखाली पारदर्शक तारांची जाळी असते, आणि बोट जवळ आलं की तिथली कपॅसिटन्स बदलते, त्यावरून जागा कळते. जाळीच्या तारांत साधारण चार-पाच मिलिमीटरचं अंतर असतं, म्हणून स्पर्श बोटाएवढा रुंद असावा लागतो. दीडशे रुपयांचा रबरी टोकाचा पेन म्हणजे काडीला लावलेलं खोटं बोट! त्याने इंटिग्रेशनची खूण काढा आणि त्याची वरची-खालची लिमिट लिहून बघा. शिवाय हात स्क्रीनवर टेकला की टॅबला वाटतं तुम्ही पाच बोटांनी लिहिताय.

खरा लिहायचा पेन वेगळ्या जातीचा. सॅमसंगच्या एस पेनसाठी स्क्रीनखाली आणखी एक थर असतो, तो चुंबकीय क्षेत्र तयार करतो आणि पेनातली छोटी कॉइल त्याला प्रतिसाद देते. म्हणून त्या पेनाला लिहायला बॅटरी लागत नाही. ॲपल पेन्सिल स्वतः सिग्नल सोडते आणि स्क्रीन तो ऐकते. दोन्हींत टॅबमध्येच सोय असावी लागते, नंतर पेन विकत घेऊन ती येत नाही. टॅब ए९ मध्ये ती नाही, या किमतीच्या छोट्या टॅबमध्ये सहसा नसतेच. गंमत अशी की ज्याची एवढी चेष्टा झाली त्या पहिल्या आकाशची स्क्रीन रेझिस्टिव्ह होती: दोन थर, दाबले की एकमेकांना टेकणारे. तिला बोट मानवत नसे, पण नखाने किंवा कुठल्याही बोथट काडीने बारीक टोक उमटायचं. लिहिण्यापुरतं बोलायचं तर २०११ ची ती पाटी आजच्या रबरी पेनापेक्षा बरी होती!

व्हिडिओचं मात्र उलट. व्हिडिओला ए-४ शी देणंघेणं नाही. छोटा टॅब आडवा धरला की १९ सेंटिमीटरची चांगली रुंदी मिळते आणि एनपीटीईएलच्या फळ्यावरचं सगळं दिसतं. आपल्यापैकी काहीजणांकडे महाज्योतीचे टॅब आहेत. जेईई, नीट, सीईटीच्या तयारीसाठी त्या योजनेत मोफत टॅब आणि रोजचा सहा जीबी डेटा मिळाला होता. त्यांना विचारलं तर सगळे एकच सांगतात: लेक्चर बघायला छान. इंजिनीअरिंगला आल्यावर बरेचसे टॅब कपाटात गेले किंवा रात्री सिनेमा बघायला उरले. कुणाकडून असा टॅब आठवडाभर मागून घ्या, त्याची स्क्रीन आधी पट्टीने मोजा, आणि आपला रोजचा अभ्यास त्याच्यावर करून बघा. झेरॉक्सनंतरची ही दुसरी फुकट परीक्षा.

कथा-कादंबऱ्यांसाठीही छोटा टॅब चांगला, कारण ई-बुकचं अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं आणि ओळी आपोआप नव्याने लागतात. पीडीएफसारखं पान गोठलेलं नसतं. पण नुसत्या कादंबऱ्यांसाठी बारा हजार घालणार असाल तर करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून कोल्हापुरात उभं आहे, तिथली वर्गणी आधी विचारून या.

एवढं करून छोटाच घ्यायचा ठरला, तर काही किरकोळ गोष्टी. सिमकार्डवाला घेऊ नका, मोबाइलचा हॉटस्पॉट पुरतो. ६४ जीबी म्हणजे पूर्ण ६४ मिळत नाही, बराचसा भाग सिस्टिम आधीच खाते. जुना घेणार असाल तर बॅटरी किती वेळ टिकते ते दुकानात उभ्या उभ्या कळत नाही, म्हणून ओळखीच्याकडूनच घ्या. बिल पक्कं घ्या. आणि दुकानातल्या डेमो पीसवर फुलपाखरं आणि सूर्यास्त दाखवतात ते बघत बसू नका. स्वतःच्या नोट्सची, ती अंगठा आलेली पीडीएफ, त्याच्यावर उघडून मागा. एखादा दुकानदार नको म्हणेल. राजारामपुरीत दुसरं दुकान चार पावलांवर असतं.